ओळ कशाची? : डेस्कटॉप डेटाबेसमधील क्वेरी आणि रिपोर्ट

क्वेरी म्हणजे साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न आणि रिपोर्ट म्हणजे त्या प्रश्नाचे कागदावर मांडलेले उत्तर. मोठ्या संस्थांमध्ये ही दोन कामे वेगवेगळी माणसे करतात. डेस्कटॉप डेटाबेसमध्ये मात्र टेबले, फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्ट सगळे एकाच प्रोग्रॅममध्ये, बरेचदा एकाच फाइलमध्ये असते आणि ते बनवणारा माणूसही एकच असतो. त्यामुळे प्रश्नातली चूक थेट छापील कागदापर्यंत पोचते. कागद नीटनेटका दिसतो, बेरजा खाली ठळक अक्षरात असतात, म्हणून त्या तपासाव्यात असे कोणाला वाटत नाही. क्वेरी आणि रिपोर्ट बनवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करायची ती म्हणूनच सोयीपेक्षा अचूकतेच्या बाजूने करायला हवी.

तुलनेसाठी एक साधे उदाहरण पुरते. महाराष्ट्रातली सार्वजनिक वाचनालये १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली येतात, अ ते ड अशा वर्गांत मोडतात आणि त्यांना दरवर्षी हिशेब व आकडेवारी द्यावी लागते. पुण्यातल्या अशा एखाद्या वाचनालयाकडे चार टेबले आहेत असे समजावे : सभासद, वर्गणीच्या पावत्या, पुस्तके आणि देवघेव. एका सभासदाच्या पावत्या अनेक, त्याच्या नावावरची देवघेवही अनेक. या चार टेबलांत जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात.

इतिहासात रिपोर्ट आधी आला, प्रश्न नंतर. आयबीएमच्या १४०१ या यंत्रासाठी १९५९मध्ये आरपीजी ही भाषा आली. तिच्या नावातच रिपोर्ट तयार करणे हा हेतू होता. छिद्रांकित कार्डे क्रमाने लावायची, एकेक वाचायची आणि खात्याचा क्रमांक बदलला की उपबेरीज छापायची, ही टॅब्युलेटर यंत्रांची रीत तिने उचलली. क्रमांक बदलण्याच्या त्या क्षणावर आजचाही प्रत्येक गटवार रिपोर्ट उभा आहे. प्रश्नाची बाजू पुढच्या दशकात घडली. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. १९७४मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा सादर केली, तीच पुढे एसक्यूएल झाली. त्याच सुमारास आयबीएममध्येच मोशे झ्लूफ यांनी वेगळा मार्ग काढला. वापरणाऱ्याला भाषा शिकवण्याऐवजी त्याच्यापुढे टेबलाचा रिकामा सांगाडा ठेवायचा आणि हव्या त्या उत्तराचा नमुना त्यात भरून घ्यायचा. क्वेरी बाय एग्झाम्पल या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

वैयक्तिक संगणकावर या कल्पना उलट्या क्रमाने पोचल्या. वेन रॅटलिफ यांच्या व्हल्कन या प्रोग्रॅममधून उभा राहिलेला डीबेस १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला. त्यात ना एसक्यूएल होते ना सांगाडा. फाइल उघडा, क्रम लावा, अट घाला, छापा, असे हुकूम एकापाठोपाठ एक द्यायचे. १९८५चे पॅराडॉक्स झ्लूफ यांचा सांगाडा घेऊन आले. फॉक्सप्रोने डीबेसची हुकूमशैली राखून १९९१च्या आवृत्तीत एसक्यूएलची सिलेक्ट ओळ जोडली. नोव्हेंबर १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस आले आणि त्यात सांगाडा व एसक्यूएल हे एकाच क्वेरीचे दोन चेहरे झाले. ओपनऑफिसच्या २००५मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून आलेला बेस याच वळणाचा आहे.

हुकूमशैलीचा खरा धडा जोडणीत मिळतो. डीबेस थ्री प्लसमध्ये दोन फाइली सेट रिलेशन या हुकुमाने जोडल्या जात. वरची फाइल एक रेकॉर्ड पुढे सरकली की खालची फाइल जुळणाऱ्या पहिल्या रेकॉर्डवर जाऊन थांबे. सभासदांची फाइल वर ठेवून पावत्या खाली जोडल्या, तर प्रत्येक सभासदाची फक्त पहिली पावती छापली जाई. म्हणून जाणकार माणूस जोडणी उलटी करी : पावत्या वर, सभासद खाली. मग सगळ्या पावत्या नावासह येत, पण ज्याने एकही पावती फाडलेली नाही तो सभासद यादीतून नाहीसा होई. त्याच दोन फाइलींमधून दोन वेगळे कागद निघत आणि दोन्ही आपापल्या परीने खरे असत. फरक एवढाच, की पहिल्यात एक ओळ म्हणजे एक सभासद होता, दुसऱ्यात एक पावती. छापील कागदावरची एक ओळ कशाची, हा प्रश्न डीबेस वापरणाऱ्याला टाळता येत नव्हता. पुढे साधने सोपी झाली आणि हा प्रश्न नजरेआड गेला. रिपोर्टमधल्या बहुतेक गंभीर चुका त्याच्याशी येऊन थांबतात.

अ‍ॅक्सेसचा सांगाडा शिकायला सर्वांत सोपा. वर टेबले, खाली रकाने, रकान्याखाली अट. एकाच आडव्या ओळीतल्या अटी एकत्र लागू होतात, वेगवेगळ्या ओळींतल्या अटींपैकी कोणतीही एक पुरते. हा नियम लहान आहे, पण नेमकी इथेच चूक होते. सदाशिव पेठेतले किंवा नारायण पेठेतले थकबाकीदार हवेत. पहिल्या ओळीत सदाशिव पेठ आणि शून्यापेक्षा जास्त बाकी अशा दोन अटी लिहिल्या, दुसऱ्या ओळीत फक्त नारायण पेठ लिहिले. आता नारायण पेठेतले सगळेच सभासद यादीत येतात, वर्गणी चुकती केलेलेसुद्धा, आणि त्यांच्या घरी स्मरणपत्रे जातात. बाकीची अट दोन्ही ओळींत लिहायला हवी, किंवा दोन्ही पेठा इन या शब्दाने एकाच चौकटीत घालायला हव्यात. दुसरा मार्ग बरा, कारण उद्या तिसरी पेठ आली तरी अट एकच राहते.

बेरजेच्या क्वेरीत सांगाडा आणखी फसवा होतो. टोटल ही ओळ उघडली की खाली ओढलेला प्रत्येक रकाना आपोआप ग्रुप बाय होतो. एप्रिलनंतरच्या पावत्यांची सभासदवार बेरीज हवी म्हणून तारखेचा रकाना ओढला, त्याखाली अट लिहिली आणि ग्रुप बाय तसेच राहू दिले, तर प्रत्येक तारखेची वेगळी ओळ पडते. तिथे व्हेअर निवडायचे असते. व्हेअर म्हणजे मोजणीपूर्वीची चाळणी, कोणत्या पावत्या मोजायच्या ते ठरवणारी. हॅविंग ही मोजणीनंतरची, कोणाची बेरीज पाचशेच्या वर गेली ते सांगणारी. एसक्यूएलमध्ये हे दोन शब्द दोन ठिकाणी लिहावे लागतात, म्हणून फरक डोळ्यांसमोर राहतो. सांगाड्यात दोन्ही अटी एकाच ओळीत लिहिल्या जातात आणि फरक एका लहानशा यादीत दडतो. या बाबतीत एसक्यूएल सरळ सरस आहे. त्यापलीकडे युनियन क्वेरी सांगाड्यात मांडताच येत नाही आणि समतेवाचूनच्या जोडण्याही तिथे दिसत नाहीत.

एसक्यूएलचेही काटे आहेत आणि भारतीय वापरणाऱ्याला टोचणारा सर्वांत मोठा काटा तारखेचा. अ‍ॅक्सेसच्या सांगाड्यात तारीख संगणकाच्या स्थानिक पद्धतीने वाचली जाते, पण एसक्यूएलच्या मजकुरात दोन खुणांमधली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून, वाचली जाते. तिथे ०५/०४/२०२४ लिहिले की ते पाच एप्रिल होत नाही, चार मे होते. १३/०४/२०२४ मात्र बरोबर वाचले जाते, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच दिसते आणि चाचणी विसाव्या दिवशी घेतली तर सगळे ठीक वाटते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहिलेली तारीख दोन्हीकडे एकच अर्थ देते, म्हणून तीच सवय लावावी.

तारखेशी निगडित दुसरी चूक ३१ मार्चची. पावतीच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही साठवली जात असेल, तर १ एप्रिल ते ३१ मार्च या बिटवीनच्या अटीतून शेवटच्या दिवशी सकाळी फाडलेली पावतीसुद्धा निसटते, कारण ३१ मार्च याचा अर्थ त्या दिवसाची मध्यरात्र असा घेतला जातो. हिशेबाच्या वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवसच ताळेबंदातून गळतो. १ एप्रिल किंवा त्यानंतर आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधी अशी अट लिहिली की प्रश्न मिटतो.

रिकाम्या रकान्याची गोष्ट सांगाडा आणि एसक्यूएल या दोहोंत सारखीच. रिकामा म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. तो अज्ञात असतो आणि अज्ञाताशी केलेली तुलना खरी ठरत नाही. आजीव सभासद वगळा अशी अट घातली की ज्यांचा प्रकार नोंदवायचा राहिला तेही वगळले जातात. त्यांच्यासाठी इज नल ही अट वेगळी घालावी लागते.

नसलेल्या गोष्टीची यादी करणे याहून अवघड. यंदाची वर्गणी कोणी भरली नाही, हे पावत्यांच्या टेबलाला विचारून कळत नाही, कारण न भरलेल्या वर्गणीची पावती नसते. सभासदांपासून सुरुवात करून पावत्यांकडे लेफ्ट जॉइन, म्हणजे डाव्या टेबलाची प्रत्येक ओळ राखणारी जोडणी, टाकायचा आणि पावती क्रमांक रिकामा असेल तेवढे सभासद उचलायचे. येथवर बहुतेक जण पोचतात. मग पावतीच्या तारखेवर यंदाच्या वर्षाची अट घालतात आणि यादी कोरी होते. ज्याची पावतीच नाही त्याची तारीखही रिकामी, म्हणजे अटीला न जुळणारी. जोडणीनंतर उजव्या टेबलावर अट घातली की लेफ्ट जॉइन निकामी होऊन साधी जोडणी उरते. त्यामुळे काम दोन पायऱ्यांत करावे : आधी यंदाच्या पावत्यांची स्वतंत्र क्वेरी, मग सभासदांकडून त्या क्वेरीकडे लेफ्ट जॉइन. नॉट इन वापरून हेच उत्तर काढता येते, पण आतल्या यादीत सभासद क्रमांक नसलेली एक जरी पावती असली तरी बाहेर एकही ओळ येत नाही. लेफ्ट जॉइन अधिक भरवशाचा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. वार्षिक सभेसाठी एक तक्ता हवा : सभासदाचे नाव, त्याने वर्षभरात भरलेली वर्गणी, त्याने नेलेली पुस्तके. स्वाभाविकपणे सभासद, पावत्या आणि देवघेव ही तिन्ही टेबले एकाच क्वेरीत घेतली जातात. एका सभासदाच्या दीडशे रुपयांच्या दोन पावत्या आहेत आणि त्याने पाच पुस्तके नेली आहेत. पावत्या आणि देवघेव यांचा आपापसांत काहीच संबंध नसल्याने प्रत्येक पावती प्रत्येक पुस्तकाशी जुळते आणि दहा ओळी तयार होतात. वर्गणीची बेरीज तीनशेऐवजी पंधराशे येते, पुस्तके पाचऐवजी दहा दिसतात. ज्या सभासदांची पावती एकच किंवा पुस्तक एकच, त्यांचा एक आकडा बरोबर येतो, म्हणून वरवर चाळले तर तक्ता खरा वाटतो.

यावर डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळी एकदाच धरणारा शब्द, हा उपाय नाही. सभासद आणि रक्कम एवढेच घेऊन डिस्टिंक्ट लावले, तर दीडशेच्या दोन पावत्या एकच समजल्या जातात आणि बेरीज दीडशेवर येते. आधी जास्त, आता कमी. दोन उपाय टिकतात. पहिला असा, की पावत्यांची सभासदवार बेरीज एका क्वेरीत करावी, देवघेवीची मोजणी दुसऱ्या क्वेरीत, आणि जिथे प्रत्येक सभासदाची एकच ओळ उरली आहे अशा त्या दोन क्वेऱ्या तिसऱ्या क्वेरीत सभासदांशी लेफ्ट जॉइनने जोडाव्यात. दुसरा उपाय रिपोर्टच्या बाजूचा. मुख्य रिपोर्ट सभासदांचा ठेवावा आणि त्याच्या तपशिलाच्या पट्ट्यात पावत्यांचा एक व देवघेवीचा एक असे दोन उपरिपोर्ट सभासद क्रमांकाने जोडून बसवावेत. नुसते आकडे हवे असतील तर पहिला उपाय, प्रत्येक पावती व प्रत्येक पुस्तक नावानिशी छापायचे असेल तर दुसरा. उपरिपोर्टची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण त्याची क्वेरी मुख्य रिपोर्टच्या प्रत्येक रेकॉर्डमागे पुन्हा चालते. फॉक्सप्रो वापरणाऱ्यांना एकाच रिपोर्टात एकाहून अधिक तपशील-पट्टे मांडण्याची सोय २००४च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९मध्ये मिळाली. ती शेवटची आवृत्ती ठरली.

रिपोर्ट डिझाइनची पट्ट्यांची पद्धत सगळीकडे सारखी आहे : रिपोर्टचे शीर्ष, पानाचे शीर्ष, गटाचे शीर्ष, तपशील, आणि मग उलट क्रमाने तळ. डीबेस थ्री प्लसमध्ये गटाच्या दोनच पातळ्या मिळत. अ‍ॅक्सेसमध्ये दहा मिळतात, पण तीनपलीकडे वाचणाऱ्याचा धीर सुटतो. पातळ्यांपेक्षा महत्त्वाचा फरक क्रमाच्या जबाबदारीचा. डीबेस आणि फॉक्सप्रोचा रिपोर्ट माहिती स्वतः क्रमाने लावत नाही. गटाच्या रकान्यातली नोंद बदलली की तो गट संपवतो, अगदी जुन्या टॅब्युलेटरसारखा. फाइल पेठेच्या क्रमाने लावलेली नसेल तर सदाशिव पेठ एकाच रिपोर्टात सात वेळा येते आणि सातही ठिकाणी वेगळी उपबेरीज छापली जाते. अ‍ॅक्सेसचा रिपोर्ट आपल्या गटांनुसार क्रम स्वतः लावतो. क्वेरीत लावलेल्या क्रमावर मग विसंबता येत नाही, म्हणून हवा तो क्रम रिपोर्टमध्येच सांगावा. फाइलमेकर या आणखी एका डेस्कटॉप डेटाबेसची तऱ्हा तिसरी. तिथे उपबेरजेचा पट्टा ज्या रकान्याचा आहे त्यावर क्रम लावला असेल तरच पट्टा दिसतो, नाहीतर छापलाच जात नाही. नवशिक्याला उपबेरीज गायब झाल्याचा त्रास होतो खरा, पण चुकीची उपबेरीज हातात पडण्यापेक्षा ती न पडणे चांगले. तिन्हींत ही वर्तणूक सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल.

पानाच्या बेरजेचा प्रश्न कीर्द-खतावणी पाहिलेल्या माणसाला लगेच समजतो. वहीच्या पानाच्या शेवटी बेरीज मांडून ती पुढील पानावर न्यायची आणि तिथे मागील पानावरून म्हणून लिहायची, ही हिशेबाची जुनी शिस्त. अ‍ॅक्सेसमध्ये पानाच्या तळाला नेहमीचे सम हे फंक्शन चालत नाही, तिथे त्रुटीचा संदेश येतो. कारण बेरीज रेकॉर्डांच्या गटावर होते आणि पान हा रेकॉर्डांचा गट नव्हे, कागदाचे माप आहे. उपाय सोपा आहे. तपशिलाच्या पट्ट्यात रनिंग सम हा गुणधर्म चालू केलेली, न दिसणारी चौकट ठेवायची आणि पानाच्या तळाला तिचे नाव द्यायचे. तळाला त्या पानाअखेरची चढती बेरीज येते. कीर्दीत पुढे न्यायची असते ती हीच. एकट्या पानाची बेरीज हवी असेल तर थोडा कोड लिहावा लागतो आणि तो फॉरमॅटच्या घटनेत न लिहिता प्रिंटच्या घटनेत लिहावा लागतो, कारण पानावर न मावलेला तपशील मागे घेऊन पुन्हा मांडला जातो तेव्हा फॉरमॅटची घटना दोनदा घडून रक्कम दुप्पट धरली जाते. फॉक्सप्रोमध्ये बेरजेची चौकट पानाअखेर शून्यावर आणण्याचा पर्याय नुसता निवडायचा असे. पानाच्या हिशेबात फॉक्सप्रो पुढे होता.

महिनावार तक्त्यासाठी अ‍ॅक्सेसची क्रॉसटॅब क्वेरी आहे. तीत महिन्यांची नावे मजकूर म्हणून घेतली की इंग्रजी अक्षरक्रमाने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे स्तंभ लागतात. त्याहून वाईट म्हणजे ज्या महिन्यात एकही पावती नाही त्याचा स्तंभच तयार होत नाही आणि त्यावर बांधलेला रिपोर्ट उघडताना अडतो. कॉलम हेडिंग्ज या गुणधर्मात एप्रिलपासून मार्चपर्यंतची बारा नावे लिहून ठेवली की दोन्ही अडचणी सुटतात. आर्थिक वर्ष काढायला तारखेतून तीन महिने वजा करून वर्ष घ्यावे. मग २०२४च्या मार्चमधली पावती २०२३ या वर्षात पडते आणि एप्रिलमधली २०२४मध्ये.

मराठी नावांच्या यादीपुढे आणखी एक अडचण उभी राहते आणि ती कोणत्याच साधनाने पुरती सोडवलेली नाही. फॉन्टच्या खुणा साठवणाऱ्या जुन्या फाइलींमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, म्हणून किरण हे नाव क मध्ये सापडत नसे. युनिकोडने ते दुखणे संपवले, वर्णक्रमाचे नाही. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. जिथे क्रम निव्वळ संकेतांकांवरून लागतो तिथे वर्णमालेच्या अखेरचा क्ष क च्या पोटात जातो आणि क्षीरसागर हे नाव कोल्हटकर आणि खरे यांच्यामध्ये येते. ळ पुरता एक उपाय हाताशी आहे. आडनावाच्या शेजारी क्रमासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्यात प्रत्येक ळ च्या जागी अवग्रहाचे चिन्ह घालावे. अवग्रहाचा संकेतांक ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतो. छापायचे मूळ आडनाव, क्रम लावायचा या रकान्यावर. रिप्लेस हे एकच फंक्शन तो रकाना भरून देते. तो नसेल तिथे सभासदांच्या छापील यादीत काळे हे काशीदांच्या आधी येतात.